हारातला फोटो

सदूभाऊ एसटीतून रिटायर झाले आणि जुन्या फोटोंच्या मागे लागले. फोटो मोबाइलवर उतरवायचे, एकामागोमाग लावायचे, मागे बासरीची धून सोडायची, की झाला व्हिडिओ! साठी असो, तेरावा असो, अख्खा गोतावळा त्यांच्याकडेच येई. बायको सगुणा म्हणायची, "रिटायर झालात ते कामाला लागायला."

आजचं काम मात्र घरचं होतं. थोरल्या बहिणीला, आनंदीताईला, एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. आई गेल्यावर सदूला तिनेच कडेवर वाढवलेलं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा हा सहासष्ट वर्षांचा बाप्या देवापुढे ढसाढसा रडला होता. आता पालीला तिच्या घरी पन्नास माणसं जमली होती, आणि पडद्यावर परकरातली ताई अंगणात आंबापोळ्या वाळत घालत होती. सदूभाऊंची छाती फुगली होती.

शेवटचे दोन फोटो उरले आणि त्यांना एकदम आठवलं. अरे देवा, शेवट! गेल्या महिन्यातला तेराव्याचा व्हिडिओ त्यांनी तसाच घेऊन आतले फोटो तेवढे बदलले होते. आळस नडला. ते लॅपटॉपकडे धावले, पण मध्ये खुर्ची आडवी आली.

पडद्यावर ताई हसत होती. भोवती झेंडूचा हार, बाजूला समई, खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

"मामा!" ताईची मुलगी मृणाली कशीबशी एवढंच बोलली. ताईचा हात छातीवर गेला, खांदे हलायला लागले. संपलं, सदूभाऊंना वाटलं, वाढवलं तिने आणि मारलं मी.

पण ताई हसत होती! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

"मेल्या सदू, जिवंतपणी हार घातलास! दहा वर्षांनी आयुष्य वाढवलंस बघ माझं."

सदूभाऊ तिच्याजवळ खालीच बसले. जीव भांड्यात पडला होता. "चुकलो गं ताई."

"चुकलास खरा. पण फोटो झकास आहे हो. मृणालीने माझा आधार कार्डावरचा काढून ठेवलाय, त्यात मी चोरटी दिसते. वेळ आली की हाच लाव. तोवर डोळे पूस आणि पुन्हा पहिल्यापासून दाखव. तू कडेवर असलेला फोटो भुर्रकन गेला."

सदूभाऊंनी डोळे पुसले. आधी तो शेवट उडवला, कडेवरच्या फोटोला चांगलं अर्धं मिनिट दिलं, आणि मग व्हिडिओ लावला.