मागच्या लिफ्टमधला ‘हो’

“काका, आता मात्र हद्द झाली! तिसऱ्यांदा धावत आलोय तुमच्या फोनवर. लिफ्टमध्ये चिटपाखरू नाही!”

लिफ्टचा मेकॅनिक टेबलासमोर घाम पुसत उभा होता. झाकणकाकांनी चष्मा नीट करून पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मागची लिफ्ट बंद असल्याची तक्रार होती आणि तिच्याखाली ठसठशीत ओळ होती: ‘आत कोणी अडकले आहे का? हो.’

“पण इथे ‘हो’ लिहिलंय रे.”

“कुठे? माझ्या मोबाईलवर तर असला प्रश्नच नाही.”

ते खरंच होतं. तो प्रश्न काकांखेरीज कोणालाच दिसत नव्हता, कारण त्यांनीच तो झाकला होता.

त्या भल्यामोठ्या कचेरीत पंख्यापासून लिफ्टपर्यंत काहीही बिघडलं की कॉम्प्युटरवर तक्रारीचा फॉर्म भरावा लागे. त्यातला कुठला रकाना कोणाला आणि कधी दिसावा, एवढंच पाहण्याची नोकरी काकांनी जन्मभर केली. पंखा निवडला की मजला विचारायचा, कॉम्प्युटर निवडला की मजला लपवून टेबलाचा नंबर विचारायचा. पुसायचं काही नाही, फक्त झाकायचं, हा त्यांचा बाणा. त्यामुळे खरं आडनाव सगळे विसरले आणि ते झाकणकाका झाले. “कचेरीत एवढं झाकता आणि घरी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायचं तेवढं विसरता,” असं बायको म्हणे.

हा प्रश्न झाकायचा हुकूम कचेरीच्या मोठ्या मॅडमचा. कोणी अडकलंय असं लिहिलं की मेकॅनिक लवकर येतो, हे लोकांना कळलं होतं. मग काय, जो तो ‘हो’ ठोकायचा. “या कचेरीत माणसं कामाला येतात की लिफ्टमध्ये अडकायला?” मॅडम कडाडल्या. “झाकून टाका तो प्रश्न.” काकांनी त्याच संध्याकाळी, कचेरी सुटता सुटता झाकला. भरणाऱ्याला दिसेना, मेकॅनिकला दिसेना. सगळं सुरळीत झालं.

आणि आता हे ‘हो’ येऊ लागले होते. दर वेळी मागच्याच लिफ्टचे. जो प्रश्न दिसतच नाही त्याचं उत्तर देतंय कोण? काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या जिन्यापाशी जाऊन उभे राहिले. बंद दाराआड दोरखंड कुरकुरला. दाराला कान लावावा असं वाटलं, पण धीर झाला नाही. घरी बोलले तर बायको म्हणाली, “आधी डोळे तपासून घ्या. मग भुतांचं बघू.”

शेवटी त्यांनी तक्रार पाठवणाऱ्या टपालाच्या बाईंनाच गाठलं.

“बाई, तुम्ही हे ‘हो’ कसं लिहिता?”

“कसलं हो? मी काय दर वेळी नवा फॉर्म भरत बसते होय? जुनी तक्रार उघडते, नक्कल काढते, तारीख बदलते, पाठवून देते. ती लिफ्ट काय, बिघडतेच सारखी.”

काकांना हुश्श झालं. भूतबीत काही नव्हतं. झाकलेलं उत्तर पुसलं जात नाही, ते नकलेबरोबर मुकाट पुढे जातं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? हसत हसतच ते जागेवर आले आणि सहज म्हणून नकलेची नक्कल शोधत मागे मागे गेले.

पहिली तक्रार सापडली तेव्हा हसू मावळलं. फोनवर बसणाऱ्या मुलीने ती लिहून घेतली होती. ‘मागची लिफ्ट बंद. आत कोणी अडकले आहे का? हो.’ तारीख झाकण घातलं त्याच दिवसाची होती. वेळ झाकणाच्या जराशी आधीची. मुलीला विचारलं तर म्हणाली, सफाईच्या मावशींनी लिफ्टमधल्या फोनवरून कळवलं होतं.

मेकॅनिक आठवून आठवून म्हणाला, “रात्री बघितली मी ती. नुसतं लिफ्ट बंद एवढंच दिसलं. म्हटलं, सकाळी बघू. कोणी अडकलंय असं दिसलं असतं तर ताटावरून उठून आलो असतो, काका.”

मावशी मागच्या जिन्यावर सापडल्या. हल्ली त्या जिनाच झाडत, लिफ्टकडे फिरकत नसत.

“मावशी, त्या दिवशी... किती वेळ होतात आत?”

मावशींनी झाडू थांबवला नाही. “पहाटेपर्यंत. मग आपोआपच चालू झाली मेली. दार उघडलं, मी बाहेर आले, कामाला लागले.”

“अहो, कोणाला सांगितलं नाहीत?”

“कोणाला सांगू? सुनेला वाटलं मी लेकीकडे राहिले. लेकीला वाटलं घरी आहे.” पायरीवरचा कचरा खाली लोटत त्या म्हणाल्या, “आधी दार वाजवलं खूप. फोनही परत कोणी उचलेना. मग फोनवरची पोरगी लिहिलंय म्हणाली होती, ते आठवलं. म्हटलं, कोणाला तरी दिसलंच असेल. मग गप बसले.”

आपण कोणाचं वाईट केलं नाही, या एका समाधानावर काकांनी नोकरी काढली होती.

ते तडक मॅडमकडे गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या दुष्ट नव्हत्या, घाबरल्या होत्या. “पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तो प्रश्न उघडलात तर जुने ‘हो’ सगळ्यांना दिसतील. पहिल्याचं काय उत्तर देऊ मी? आणि तुम्ही काय द्याल? आधी ते पुसून टाका, मग खुशाल उघडा.”

“पुसायचे?”

“बाई सुखरूप आहेत ना? मग झालं तर.”

संध्याकाळी काका पुसायला बसले. कचेरी रिकामी होत चालली होती. पहिली तक्रार त्यांनी उघडली, त्या ‘हो’वर बोट नेलं, आणि बोट तिथेच राहिलं. मावशी त्या रात्री आत होत्या, हे जगात एवढ्या एकाच अक्षरात लिहिलेलं होतं. ते पुसलं की त्या आत नव्हत्याच.

तेवढ्यात नवी तक्रार येऊन पडली. मागची लिफ्ट बंद. आत कोणी अडकले आहे का? हो.

नक्कलच असणार. टपालाच्या बाई घरी जाताजाता पाठवून गेल्या असणार. शंभर टक्के नक्कल! काकांनी स्वतःला बजावलं, तरी नजर त्या ‘हो’वरच गेली. त्या दिवशी मावशींचा ‘हो’ दिसला असता, तर तोही खोटाच असणार, बरोब्बर असंच सगळ्यांना वाटलं असतं.

त्यांनी पुसलं काहीच नाही. झाकण तेवढं काढलं. कचेरीतल्या एकूणएक स्क्रीनवर, मेकॅनिकच्या मोबाईलवर, मॅडमच्या टेबलावर तो प्रश्न एकदम उघडा पडला. मग काका उठले आणि मागच्या जिन्याकडे निघाले. चालता चालता धावायला लागले.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. काकांनी थंडगार दाराला कान लावला. आत काही हललं की काय? की आपलंच काळीज?

“आत कोणी आहे का?”

उत्तर नाही.

“मी बाहेर आहे हो,” ते मोठ्याने म्हणाले. “दिसलंय मला. दार उघडेपर्यंत इथून हलत नाही.” रिकाम्या लिफ्टशी बोलतोय हे कळत होतं, पण थांबवेना.

वळून पाहिलं तर वरच्या पायरीवर मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या घरी गेल्या नाहीत, तिथेच थांबल्या. मेकॅनिक खालून दोन दोन पायऱ्या चढत आला. “काका, दिसलं! या वेळी मलाही दिसलं!”

त्याने लिफ्ट मजल्याला आणली, दार सरकवलं. आत कोणी नव्हतं. एक पिवळट दिवा जळत होता. मेकॅनिक शिवी हासडणार होता, पण मावशींकडे लक्ष गेलं आणि त्याने ती गिळली.

मावशी पुढे आल्या. उंबऱ्याशी थांबून त्यांनी चारही कोपरे पाहिले.

“पाय धर दाराला,” त्या मेकॅनिकला म्हणाल्या. त्याने पाय लावून दार अडवून धरलं.

मावशी आत गेल्या, वाकल्या आणि कोपऱ्यापासून लिफ्ट झाडायला लागल्या.