चौथ्या क्रमांकावर दीपस्तंभ

मामाच्या उशाशी 'अरुणास्त्र कॉमिक्स'चे अकरा अंक होते आणि पुण्याला हजर व्हायला माझ्याकडे नऊ दिवस होते.

"तेजोमयचे सगळे संपले," महादेवमामा म्हणाला. "आता ही नवी कंपनी. खंयसून सुरू करू ता सांग, बाय. आदला म्हायती नसला तर माका हीरो पटना नाय."

मामा डिचोलीजवळच्या एका खाणीवर इलेक्ट्रिशियन. जूनच्या सुरुवातीला फणस काढताना तो झाडावरून पडला आणि त्याचे दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेले. सुलोचनामामी शाळेत शिकवते. सकाळी आठच्या बसने जाते, संध्याकाळी पाचच्या बसने परतते. त्यांना मूलबाळ नाही. म्हणून बी.एस्सी.चा निकाल लागताच आईने मला धारगळहून लाटंबार्सेला पाठवलं, पंधरा दिवसांसाठी म्हणून. त्याला बेचाळीस दिवस झाले होते.

मधल्या काळात पुण्याहून पत्र आलं. मला एम.एस्सी. फिजिक्सला जागा मिळाली होती. सोमवारी, पंचवीस तारखेला हजर झाले नाही तर ती दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. मामी पत्र वाचून मला देवळात घेऊन गेली. भिकाजी गुरवाने भिजवलेल्या दोन पाकळ्या देवाच्या दोन अंगांना चिकटवल्या. मामीने विचारलं, "प्लास्टर निघेपर्यंत पोरीक ठेवन घेव?" उजवी पाकळी आधी पडली. उजवी म्हणजे होकार. प्लास्टर निघायला अजून सहा आठवडे होते.

"उजवी कशी पडली?" मामाने त्या संध्याकाळी विचारलं होतं. मी पाहिलं तेवढं सांगितलं. समई देवाच्या उजव्या अंगाला होती. त्या दिवशी आमच्याआधी दोघांनी कौल लावले, तेही उजवेच आले. ऊब लागली की त्या बाजूची पाकळी लवकर सुकत असेल. तीन निरीक्षणांवर काही सिद्ध होत नाही, हेही मी सांगितलं.

"भिजल्ली मोटार आमी बल्ब लावन सुकवतंव," मामा म्हणाला आणि त्याने पान उलटलं.

खाटेपासून दारापर्यंत सात पावलं. दारापासून विहिरीपर्यंत एकवीस. त्यापलीकडे मला जाता येत नसे, कारण मामाच्या हाताशी पितळी घंटी होती. घंटी वाजली की पाणी, लघवीचं भांडं, उशी किंवा पाठीला आलेली खाज. तो बिचारा कमीत कमी वाजवायचा. त्यामुळे तर जास्तच वाईट वाटे; रागवायला कोणी नव्हतं. दर शनिवारी मामी डिचोलीच्या स्टँडवरून कॉमिक्सचा गठ्ठा आणायची. बाहेरचं जग आमच्या घरात तेवढंच यायचं.

मामा दुपारी झोपला की मी अरुणास्त्रचे अंक वाचून काढले. शिफारस करायची तर अंदाजाने करायची नाही. त्याने वाचलेले तेजोमयचे त्रेसष्ट अंक मी तपासले. उडणारे नायक त्याने अर्ध्यावर सोडले होते. ज्यांची शक्ती वापरून संपते, ते दोनदा वाचले होते. विजेच्या तारा चुकीच्या जोडलेल्या दिसल्या की त्याने पेन्सिलीने फुली मारली होती.

"आधी 'काजळ्या' वाच," मी सांगितलं. "धुराचा माणूस. कुठल्याही फटीतून बाहेर पडतो, पण पाऊस लागला की शक्ती जाते."

"म्हणजे आमच्या खाणीसारखो. पावसात बंद!"

"मग 'लोहकर्णी'. तिला लोखंडातून ऐकू येतं. तिचा सातवा अंक आधी घे, पहिल्यातली गोष्ट कच्ची आहे. तिसरा 'शतपाद'."

"आनी चवथो?"

"'दीपस्तंभ'," मी म्हटलं.

खरं तर माझ्या यादीत 'दीपस्तंभ' नववा होता. त्यातला नायक समुद्र थोपवून धरतो, पण जखमी होतो. तो बरा होईपर्यंत एक मुलगी दिव्याजवळ थांबते. तिला जायचं असतं ती बोट दूर निघून जाते. शेवटच्या पानावर नायक उभा राहतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि मुलगी कोपऱ्यात काच पुसत असते. तो अंक मी उचलून चौथा ठेवला.

मंगळवारी दुपारी मामाने तो वाचला. तासभर घंटी वाजली नाही. मग नुसती हाक आली.

"हिची बोट गेली गो."

"हो."

"मागल्या पानार जाहिरातीत क्रम छापलोहा. हो नववो. बाकीच्यांत तुजो नि तेंचो मेळ बसता, हेचोच कसो नाय?"

मी उशाचा गठ्ठा सारखा करू लागले.

"सरळ सांगूक तोंड नाय तुका? माका चित्रां दाखवतंस? मी काय बालवाडीत आसंय?"

"सोमवारी जागा जाते, मामा."

"जाता म्हणजे?"

"दुसऱ्या कुणाला तरी देतात. मामीने सांगितलं नाही?"

"पुढच्या वर्सा गेली तरी चलता, असा म्हणाली माका." त्याने अंक मिटला. "कौल कोणी लायलो?"

"मामीने."

"पाय कोणाचे?"

"तुझे."

"मग ज्याचा गाऱ्हाणा तेणाच घालूक होया. मगे तो कौल खंयचो!"

संध्याकाळी मामीला त्याने तेच ऐकवलं. ती आधी चिडली. "असले पाय घेवन देवळात जातलास?"

"तेच देवाक दाखवूचे आसत."

या नियमापुढे ती नमली आणि तिने शेजारच्या सगुणला पिकअपसाठी निरोप धाडला.

गुरुवारी सगुणच्या पिकअपमधून आम्ही गेलो. चौघांनी मामाला खुर्चीसकट उचलून आत नेलं. सरळ ताठलेले पाय फळीवर ठेवायचे म्हणून बरीच जागा लागली. भिकाजीने देवाच्या उजव्या अंगाची समई उचलली आणि डावीकडे नेऊन ठेवली.

मी पाहिलं. तोंड उघडायची माझी जागा नव्हती.

मामाने हात जोडले. "पोरीक पुण्याक धाडू?"

भिकाजीने पाकळ्या भिजवल्या.

"रव रे जरा," मामा म्हणाला. "ती समई हय ठेव. माका देवाचा तोंड दिसना नाय."

"दिसता मरे सगळा," मामी म्हणाली.

"तुका दिसता. मी आडवो बसलंय."

भिकाजीने समई परत उजवीकडे आणली. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी घड्याळ पाहत राहिले. सतरा मिनिटांनी उजवी पाकळी सुटली आणि खाली आली.

मामीने डोळे पुसले. "आता भांडा कोण काढतलो?"

"आमच्या खाणीवरचो नारायण येतलो. खाण बंद, घराकडे बसान तरी काय करता? तो कामगार, मी कामगार, लाज कसली?"

शनिवारी मी बॅग भरत होते तेव्हा घंटी वाजली. मामाच्या हातात माझं काळं पेन होतं.

"रवलेले सात खंयच्या क्रमान वाचू? कागद हरवता. हय लिही."

मी खाटेशी बसून त्याच्या उजव्या पायाच्या प्लास्टरवर, त्याला वाचता येतील असे उलटे, सात अंक क्रमाने लिहिले. या वेळी मी मनापासून, एकही इकडचा तिकडे न करता लिहिले.

"दाबून लिही," तो म्हणाला. "पाच आठवडे टिकाक होये."