दहा इंची मी एकटा पुरे होतो

मी सबवूफर बोलतोय. बोलतोय कसला, वैतागलोय! सध्या माझा मुक्काम एका खुर्चीसमोर आहे आणि माझ्या डोक्यावर एका म्हातारीचे दोन पाय आहेत. गाडीच्या डिक्कीतून इथवर कसा आलो ते ऐका, म्हणजे कपाळाला हात लावाल.

कारखान्यात माझ्या पाठीला जड लोहचुंबक बसवलं, पुढे दहा इंचांचा पडदा लावला आणि बजावलं, ढोलाचा ठोका आणि गाण्यातला खर्ज तेवढा तुझा, बाकीच्यात नाक खुपसायचं नाही. मी कधी खुपसलं नाही. ती खोड माणसांची.

माझ्या मालकाचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" असा हा विचारून विचारून काम करणारा माणूस.

त्याने मला आणलं आईसाठी. तिचे कान शिवणकारखान्यातल्या यंत्रांनी खाल्ले होते. कानाशी तोंड नेऊन बोललं तर दोन शब्द कळायचे, गाणं मात्र अजिबात नाही. गुडघेही गेले होते. मालकाने मला लाकडी पेटीत बसवून डिक्कीच्या कोपऱ्यात ठेवलं. शेजारी तिची घडीची चाकांची खुर्ची अगदी नेमकी मावायची.

पहिल्याच रविवारी म्हातारी मागच्या सीटवर बसली आणि मालकाने एक जुनं गाणं लावलं. मी ठोका दिला. तो सीटमधून तिच्या पाठीत गेला. तिने चमकून सीटवर तळवा ठेवला आणि ओरडली, "अरे, हे तर आमच्या कारखान्यात लागायचं!" मालकाने गाडी कडेला घेतली आणि गाणं संपेपर्यंत पुढे नेली नाही. त्या दिवशी मला जन्माला आल्याचं सार्थक वाटलं.

पुढे दर रविवारी आमची फेरी ठरलेली. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि माणसांना सुरळीत चाललेलं बघवत नाही.

मालकाचा मेहुणा आला. त्याने डिक्की उघडली, मला पाहिलं आणि चुकचुकला.

"दाजी, एकच? आणि तोही दहा इंची?"

"आईला पुरतोय की."

"पुरणं वेगळं, शोभणं वेगळं. निदान जोडी तरी हवी!"

झालं. माझ्यासारखाच आणखी एक आला. मेहुण्याने तो स्वतःच जोडला. "दोन तर टोकं, त्यात काय शिकायचंय?" म्हणे. त्या दोन टोकांतच त्याने घोळ घातला. प्लसची तार मायनसला आणि मायनसची प्लसला लावून मोकळा झाला. आता मी पडदा बाहेर ढकलला की माझा जोडीदार आत ओढायचा, मी आत घेतला की तो बाहेर ढकलायचा. दोघंही घाम गाळत होतो आणि एकमेकांचं काम पुसत होतो. ठोका डिक्कीतच मरायचा.

मागे म्हातारी सीटवर तळवा ठेवून बसलेली.

"गाणं लाव ना रे."

"लावलंय, आई."

"मग कळत कसं नाही?"

दोन तारांची अदलाबदल, एवढाच उपाय होता. मी बिचारा ओरडणार तरी कसा? आणि मेहुण्याने निदान काय करावं? "दहा इंचीत दमच नसतो, दाजी. बारा इंची घाला. दोन!" आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि मालकाने मान डोलावली! परक्यांना दिवसभर विचारणाऱ्या या माणसाला आईला एकदा विचारावंसं वाटलं नाही.

माझा जोडीदार दुकानात परत गेला, मी घरी आलो. गाडीत बारा इंचींची पेटी चढली. ती एवढी अवाढव्य की डिक्कीचं झाकण लावायला मेहुणा त्यावर बसला. तारा पुन्हा त्यानेच जोडल्या, पुन्हा तशाच.

रविवारी मालक घडीची खुर्ची घेऊन डिक्कीपुढे उभा राहिला. आडवी घातली, उभी घातली, तिरकी घातली. मावेना. शेवटी वर येऊन आईच्या कानाशी म्हणाला, "आज राहू दे, आई. बघतो काहीतरी."

"जा तू. माझं काय एवढं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं.

नंतरचे रविवारही असेच गेले. आईसाठी आणलेल्या आवाजाने आईलाच घरी बसवलं. मला तर तिच्या पायांखाली सरकवलं, का, तर उंची बरोबर आहे! तिकडे मेहुणा म्हणतोय, "दाजी, चार घालू या का?"

आज दुपारी एक गिऱ्हाईक मला विकत घ्यायला आलं. "आधी वाजवून दाखवा," म्हणालं. मालकाने मला घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि सवयीने तेच गाणं लावलं. म्हातारी पेंगत होती. तिचे पाय माझ्यावरच होते. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ठोका दिला.

तिने दचकून पाय उचलले. मग हळूच परत टेकवले. अंगठा ठेका धरू लागला.

मालक तिच्यासमोर जमिनीवर बसला. दुकानातला प्रश्न त्याला आज घरात आठवला. "आई, हे बरं, की आधीचं?"

त्याच्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "हेच तर आधीचं. काढून का टाकलंस?"

गिऱ्हाइकाला हात जोडून तो गाडीतली बारा इंचींची पेटी उतरवायला खाली गेला. आता जिन्यातून मेहुण्याचा आवाज येतोय, "दाजी, ठेवा एकच, पण पंधरा इंची ठेवा!"

बाबांनो, किती लावायचे आणि केवढे लावायचे, ते ज्याच्यासाठी लावता त्याला आधी विचारा. त्याला ऐकू येत नसेल, तर मोठ्याने विचारा.

मेहुण्याचं बोलणं म्हातारीला ऐकू आलं नाही, ते एक बरं झालं. तिने माझ्यावरचे पाय उचललेत आणि ती चपला मागतेय.