द्वारकाबाईंचं तिकीट

शहागडला गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे, हायवेला लागून काकासाहेबांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायच्या आत पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून काढायची त्यांची सवय. त्या दिवशी आतल्या पानावर परदेशातल्या एका सरकारी विमान कंपनीची बातमी होती. वैमानिकांचे पगार थकलेत, तेलवाले तेल द्यायला तयार नाहीत, सरकार कंपनी विकायला निघालंय पण घेणारा कुणी नाही. कंपनी कधी बंद पडेल सांगता येत नाही, म्हणून तिकिटं काढून बसलेले लोक धास्तावलेत.

काकासाहेबांनी कंपनीचं नाव पुन्हा वाचलं. घरी कपाटात ठेवलेल्या बायकोच्या, द्वारकाबाईंच्या तिकिटावर तेच नाव होतं.

पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं. मग आपल्याला हायसं वाटलं याची लाज वाटली, आणि त्यांनी पेपर घडी करून गल्ल्याखाली सारला.

त्यांची एकुलती एक मुलगी शिवकन्या जर्मनीत होती. नवरा तिथल्या कारखान्यात इंजिनियर. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी जिने चढू नको म्हणून सांगितलेलं, आणि सासू अंथरुणाला खिळलेली. तेव्हा द्वारकाबाईंनी तीन महिन्यांसाठी जायचं असं ठरलं. जावयानं तिकीट पाठवलं. मधे त्या कंपनीच्या देशात विमान बदलायचं होतं. औरंगाबादच्या पलीकडे कधी न गेलेल्या द्वारकाबाई त्या एका गोष्टीला फार भ्यायल्या होत्या, पण मागं हटल्या नव्हत्या. अळीव, बाळंतशोपा, खारका, डिंकाचे लाडू, जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी असं सगळं बॅगेत भरून ठेवलेलं होतं.

काकासाहेब मात्र आतून खचले होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायको माहेरीसुद्धा चार दिवसांच्या वर राहिली नव्हती. संध्याकाळी दुकान बंद करून अंधाऱ्या घराचं कुलूप आपल्या हातानं उघडायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. साठीच्या माणसानं हे कुणाला सांगावं तरी कसं, म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. बायकोलाही नाही.

बातमी त्यांनी दुपारी जेवताना सांगितली. द्वारकाबाईंचा वाढता हात थांबला. मधल्या मुक्कामाला विमान बंद पडलं तर परक्या मुलखात कुणाला काय विचारायचं, भाषा येत नाही, असं त्या बराच वेळ बोलत राहिल्या. शेवटी त्यांनीच मार्ग काढला.

"तुम्ही जालन्याला जाऊन त्या तिकीटवाल्या तातेरावला इचारून या. तो जा म्हणला तर मी जाते. न्हाई म्हणला तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी काकासाहेब सकाळच्या एसटीनं जालन्याला गेले. तातेरावचं ऑफिस मोंढ्याजवळ होतं. तिकीट जावयानं पाठवलं असलं तरी व्हिसाची आणि पुढची सगळी कामं तोच बघत होता. आठवडाभर लोक हेच विचारायला येत होते, असं त्यानं सांगितलं. त्यानं मुंबईला फोन लावून चौकशी केली. विमानं रोज वेळेवर सुटत होती.

"समजा मधीच बंद पडली," तातेराव म्हणाला, "तर दुसरी कंपनी घेऊन जाते. लई झालं तर दोन दिवस खोळंबा होईल, जावई येऊन घेऊन जातील. पण बाळंतपण काही थांबत न्हाई, काका. बिलकुल पाठवा मावशींना."

काकासाहेबांनी मान हलवली. चहा आला, तो प्यायले. उठायला म्हणून खुर्ची मागं सरकवली आणि तसंच उभं राहून म्हणाले, "रद्दच करून टाक. ती लई भेली आहे."

तातेराव त्यांच्याकडे बघत राहिला. मी मावशींशी बोलू का, असं त्यानं विचारलं. काकासाहेब नको म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. घरी आल्यावर ते एका दमात सांगून टाकलं, "तो म्हणतो, पाठवू नका. रद्द करून आलो." रात्री द्वारकाबाईंनी शिवकन्येला फोन केला. असू दे आई, मी करीन काहीतरी, असं ती म्हणाली. तिचा आवाज लहान झालेला काकासाहेबांना लांबूनही कळला.

बॅग रिकामी झाली. लाडू ठेवून वाया जातील म्हणून द्वारकाबाई रोज सकाळी चहाबरोबर एक नवऱ्याच्या ताटलीत ठेवू लागल्या. लेकीसाठी वळलेले ते लाडू काकासाहेब मुकाट्यानं खात होते.

ठरलेल्या तारखेचं विमान वेळेवर गेलं आणि वेळेवर पोचलं. त्यांनी दुकानातून तातेरावला फोन करून हे विचारून घेतलं, आणि घरी सांगितलं नाही.

शिवकन्येला मुलगी झाली. ऑपरेशन करावं लागलं. जावयाला आठवडाभर सुट्टी मिळाली, मग त्याची रात्रपाळी सुरू झाली. बाहेर बर्फ. लेकीला ताप भरला तेव्हा घरात ती आणि पोर, दोघीच होत्या. खालच्या मजल्यावरच्या एका म्हातारीनं सूप आणून दिलं, बाळाला एक रात्र आपल्याकडे झोपवलं. हे सगळं फोनवर ऐकून द्वारकाबाई पदर तोंडाशी धरून बसायच्या. बाळाचं अंग कसं चोळायचं, शेक कसा द्यायचा हे त्या फोनवरूनच सांगायच्या.

आणि मग एका सकाळी ती कंपनी खरंच बुडाली. टीव्हीवर दाखवलं, विमानतळांवर लोक फरशीवर बॅगा उशाशी घेऊन पडलेत, बायका लेकरं सांभाळत रांगेत उभ्या आहेत. दोन-चार दिवसांत दुसऱ्या कंपन्यांनी त्यांना नेलं, ही बातमी मात्र छोटी आली.

शहागडच्या चौकात काकासाहेबांचं नाव झालं. माणूस दूरचं बघतो, असं चहाच्या हॉटेलात लोक म्हणू लागले. अंतरवालीच्या एका पाहुण्यानं तर मुलाला सौदीला पाठवायचं की नाही हे त्यांनाच विचारलं. द्वारकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगायच्या, ह्यांनी जालन्याला जाऊन इचारलं म्हणून मी वाचले, न्हाईतर येताना तिकडंच अडकले असते. हे सांगताना त्या नवऱ्याकडे ज्या नजरेनं बघायच्या, ती काकासाहेबांना सोसवेना. ते लवकर दुकानात जाऊ लागले, उशिरा येऊ लागले.

रविवारी शिवकन्येचा फोन आला. द्वारकाबाईंनी तिलाही तेच सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, अण्णांना दे.

काकासाहेबांनी रिसीव्हर कानाला लावला.

"अण्णा, मी तुमच्यावर लई रागावले व्हते," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हालाच आईला पाठवायचं न्हाई. टीव्हीवर ते लोक बघितले आणि माझीच मला लाज वाटली. माफ करा मला."

बायको शेजारीच, नातीचा आवाज येतो का म्हणून कान देऊन उभी होती.

"शिवा, तू कशाला माफी मागती," ते म्हणाले. "तातेराव जा म्हणला व्हता. मीच रद्द केलं."

पलीकडे बाळ किरकिरत होतं.

"का, अण्णा?"

"मला एकट्याला घरात राहायची भीती वाटली."

द्वारकाबाईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. "मी येते," एवढंच त्या लेकीला म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं काकासाहेबांना वाटलं. आपली चूक झाली असं ते दोनदा म्हणाले. द्वारकाबाईंनी ऐकलं आणि त्या भाकरी थापत राहिल्या. सकाळी त्या एकट्याच एसटीनं जालन्याला गेल्या. सोबत येतो म्हटल्यावर दुकान बघा म्हणाल्या. तातेरावनं दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढून दिलं. पंधरवड्यानं त्या गेल्या. मुंबईच्या विमानतळावर आत शिरताना त्यांनी एकदा वळून बघितलं, पण थांबल्या नाहीत.

चौकात काकासाहेबांनी खरं काय ते सांगून टाकलं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही. बायको सुखरूप राहिली ना, मंग झालं, असं म्हणून त्यांनी आणखी एक चहा सांगितला. काकासाहेब तो न पिताच उठले.

घराचं कुलूप आता ते रोज स्वतः उघडतात. पिठलं-भात जमतो, भाकरी शेजारच्या झुंबरबाई देतात. भीती वाटायची ती पहिल्या आठवड्यातच गेली. एवढ्याशासाठी आपण काय केलं, हे मात्र रोज रात्री दिवा मालवताना आठवतं.

फोनवर द्वारकाबाई नातीचं सगळं सांगतात. ती हसायला लागली, मान धरायला लागली, शिवकन्येचं अंग भरलं. तीन महिने संपत आले तेव्हा काकासाहेबांनी विचारलं, कधी येणार.

"बघू," द्वारकाबाई म्हणाल्या.

पुन्हा विचारायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही. नातीचा आवाज ऐकव, एवढंच ते म्हणाले.