गुप्तहेराचे दोन कोट

पडद्यावरचा गुप्तहेर नऊ सिनेमे झाले तरी मरत नव्हता, याचं अर्धं श्रेय खरं तर ड्रेसवाल्या ताईंच्या नवऱ्याला जायला हवं होतं. बोलायचं, हसायचं, बंदूक रोखायची ती हिरोने. गच्चीवरून, पुलावरून, धावत्या गाडीवरून उडी मारायची ती यांनी. चेहरा हिरोचा, हाडं यांची.

त्यासाठी ताई दरवेळी अगदी एकसारखे दोन करडे कोट शिवत. फरक एकच. नवऱ्याच्या कोटाला पाठीवर, शिवणीत लपवलेली एक फट असे, टिचबटणांनी बंद होणारी. त्या फटीतून आतल्या पट्ट्याचा आकडा बाहेर यायचा, त्याला सुरक्षेची तार अडकवत. ओळख पटावी म्हणून त्या कोटाच्या कॉलरखाली ताई लाल दोरा बांधत.

आज धुलाईवाल्याने शहाणपणा करून तो दोरा काढून टाकला होता. ताईंनी घाईघाईत नवा बांधला आणि कोट वर नवऱ्याकडे पाठवून दिला. उलटून बघायचं राहिलं.

खालच्या खोलीत त्या हिरोला कोट चढवायला गेल्या, पाठीवरून हात फिरवला आणि बोटांना टिचबटणं लागली.

म्हणजे नवरा वर चौथ्या मजल्यावर बिनफटीचा कोट घालून उभा होता. तार लावायला जागाच नाही, आणि स्वभाव तर असा की कोणी नुसतं "जमेल ना?" म्हटलं की स्वारी निघाली! मागच्या सिनेमात तार अडकली, तर पठ्ठ्याने तशीच उडी ठोकली होती. खांद्याचं हाड मोडलं. पुढे कित्येक दिवस ताईंनी घास भरवला, आणि तारेशिवाय पाऊल उचलणार नाही असा शब्द घेतला. पण उडीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे पाण्यावरची रेघ, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

"अहो ताई, माझा कोट!" हिरो ओरडला. ताईंनी तो त्याच्या अंगातून ओढून काढला होता आणि त्या जिन्याला लागल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यावर टाळ्यांचा आवाज कानावर आला. झाली वाटतं उडी. तारेशिवाय. कठडा धरून त्या तशाच वर चढत राहिल्या.

वर पोचल्या तर नवरा खिडकीजवळच्या खुर्चीवर मांडी घालून बसलेला, हातात चहा. समोर दिग्दर्शक लालबुंद. टाळ्या तोच वाजवत होता, लोकांना कामाला लावायला.

"एवढीशी उडी, आणि हा हटून बसलाय!" तो ताईंना बघून म्हणाला. "म्हातारा झाला तुमचा नवरा."

"आकडा बाहेर येत नाही, मी उडी मारत नाही," नवरा शांतपणे म्हणाला. सगळे हसत होते, आणि हा माणूस दिलेल्या शब्दासाठी चक्क ऐकून घेत होता. ताईंना रडूच फुटलं.

"अहो, चूक माझी. दोरा मीच चुकीच्या कोटाला बांधला."

"माहीत आहे. तुझ्याशिवाय इथे दोरा बांधतं कोण?"

"मग सांगायचं ना यांना!"

"तुला बोलणी बसली असती. मला काय, मी निगरगट्ट." त्यांनी पाठ पुढे केली. "घाबरलीस?"

"तुमच्या उडीला नाही, तुमच्या स्वभावाला." ताईंनी कोट बदलला, आकडा स्वतःच्या हाताने अडकवला, दोनदा हिसका देऊन पाहिला.

उडी झाली. खालच्या गाडीच्या टपावर ते मांजरासारखे उतरले, आणि तिथूनच वर बघून हात हलवला. ताईंना एकदम हलकं हलकं वाटलं, खिडकीतच बसकण मारावीशी वाटली.

दिग्दर्शकाचा राग कधीच उतरला होता. "झकास! आणि मला वाटलं, म्हातारा झाला."

ताईंनी हिरोचा कोट हातावर घेतला, त्याच्या कॉलरखालचा लाल दोरा दातांनी तोडला.

"होऊ द्या की म्हातारे," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच तर हवंय."