काऊनमधला न

सोमाजी मास्तरांचा सॅक्सोफोन बोलत असे, असं वडशापासून कुरखेड्यापर्यंत कोणीही सांगेल. लोकांचं काय, लोक बैल गातो म्हणूनही सांगतील. पण हे खरं होतं. धानाची कापणी उरकली की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव मंडप पडतात, मंचासमोरच्या खड्ड्यात वाजवणारे बसतात, आणि नाटकात शेवटी कोणीतरी रडवून जातंच. त्या रडण्यावर मास्तर एकटे वाजवत. एकदा नाटकातली सून भरलं घर सोडून निघाली. मास्तरांनी दोन-तीन सूर लावले आणि पुढच्या सतरंजीवरची एक म्हातारी तिथूनच म्हणाली, "नवराच तसा होता व माय, काय करन थे?" तिला कोणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असेल तर सॅक्सोफोननेच.

धम्मदीप तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याच खड्ड्यात, मास्तरांच्या मागे, दुसरा सॅक्सोफोन घेऊन बसला होता. म्हातारीचं उत्तर ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. वाजवायला तो ब्रह्मपुरीत काकाच्या बँड पार्टीत शिकलेला. लग्नाच्या वराती, चौदा एप्रिलची मिरवणूक, गणपती, जे येईल ते. रस्त्यावरच्या गोंगाटात सूर वेगळा कळायचा तर जीभ तोंडातल्या वेताच्या पत्तीवर आपटावी लागते. प्रत्येक सुराला एक 'तू'. तू-तू-तू-तू करत तो कितीही वेगाने पळू शकत असे. त्याच्या बोटांकडे बघून लोक तोंडात बोटं घालत, पण त्याच्या वाजवण्याला आजवर कोणी उत्तर दिलं नव्हतं.

हंगाम संपता संपता त्याने धीर करून मास्तरांना विचारलं की हे कसं जमतं. मास्तर हसले. त्यांच्या डाव्या गालात नेहमीसारखी गोळी होती. ती त्यांनी बाहेरून बोटाने टोकरली.

"हे होय," मास्तर म्हणाले. "खर्रा. गालात धरला का जीभ जड होते. जड जीभ आपटत नाई, टेकते. सूर गोल होते."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेली चीज. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या आपल्या जिल्ह्यांत पाहुण्याला चहा मागाहून मिळतो, खर्रा आधी. धम्मदीपच्या घरात मात्र कोणी खात नव्हतं. आई तर पानठेल्यासमोरून जाताना पदर नाकाला लावायची. तो खायला शिकला, हट्टाने शिकला. पहिल्यांदा घाम फुटला, मंडपामागे जाऊन ओकला, तोंड धुऊन परत खड्ड्यात येऊन बसला. विद्या अशी कष्टानेच येते असं त्याला वाटलं, आणि याचंच मला राहून राहून वाईट वाटतं. पुढे सूर खरंच गोल झाला, की त्याचे कानच तसं ऐकायला शिकले, कोण जाणे.

वर्षं गेली. मास्तरांचा दम कमी पडू लागला तेव्हा ते गावी जाऊन बसले आणि त्यांची पुढची खुर्ची धम्मदीपला मिळाली. टाळ्या पडत. पण सतरंजीवरून उत्तर येत नसे. मग नाटक कंपनीच्या मालकाने कीबोर्ड आणला. त्यात सॅक्सोफोनचं एक बटण होतं. येत्या हंगामात तेवढ्यावर भागवू, असं मालक गोड बोलून सांगून गेला. वराती तर डीजेने केव्हाच खाल्ल्या होत्या. तिशीला टेकलेल्या माणसाने आता हे पितळ घेऊन कुठे जायचं?

अशा वेळी रीता भेटली. रीता नागपूरची. पियानो वाजवायची आणि चौघाजणांचा जॅझचा गट चालवायची. ब्रह्मपुरीला कॉलेजच्या संमेलनात परीक्षक म्हणून आली होती. तिथे तिने धम्मदीपला ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला बसवून पुन्हा वाजवायला लावलं. तिला पाचवा माणूस हवा होता. सॅक्सोफोनवालाच हवा होता.

तिने आडपडदा ठेवला नाही. टोन तिला आवडला होता. जाड, धुरकट, शहरात विकतही मिळायचा नाही असा. पण जिभेचं काय? "तू प्रत्येक सुराला खिळा ठोकतोस," ती म्हणाली. "जॅझमध्ये काही सूर बोलायचे असतात आणि काही गिळायचे. गिळलेला सूर ऐकू येत नाही, पण नसला तर लगेच कळतं." तिने त्याला 'दू-दान, दू-दान' असं तोंडाने म्हणायला लावलं. 'दान'च्या शेवटी जीभ पत्तीला नुसती अर्धी टेकली पाहिजे. सूर दबला पाहिजे, मरता कामा नये. मग तिने फोनवर कोणा परदेशी माणसाचं वाजवणं लावलं, आणि धम्मदीप ताडकन उठून उभा राहिला. सोमाजी मास्तरच की हे! जॅझ जॅझ म्हणतात ते हे असेल, तर ते कुरखेड्याच्या अलीकडे एका कौलारू घरात राहत होतं आणि आपण वर्षानुवर्षं त्याच्या पाठीमागे बसलो होतो.

रीताने मृगाच्या आधी नागपूरला ये, पुन्हा ऐकते, असं सांगितलं. जीभ सुधारली तर जागा त्याची. तो नुसता पेटला. रोज वैनगंगेच्या काठावर जाऊन दू-दान करू लागला. पण जीभ काही केल्या अर्धी टेकेना. एक तर आपटे, नाही तर मध्येच लाकडासारखी पडून राही. माऊथपीस तोंडात नीट बसेना, ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुस्स करून निघून जाई. पानठेल्यावर लोक त्याचं बोलणं हल्ली दोनदा विचारून घेत. ते बहिरे झालेत असं तो समजत होता.

शेवटी दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणीपुरी खाता का? तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की पाणीपुरी त्याने कधीची सोडली होती. आवडत नाही म्हणून सोडली, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. बाईंनी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. एक गेलं. दुसरं नखापाशी अडलं. खर्‍याने तोंड आतून आवळलंय, तो आज, आत्ता सोडायचा, त्या म्हणाल्या. जे आवळलं ते मात्र पहिल्यासारखं सुटायचं नाही. ऑपरेशनने जबडा थोडा उघडेलही. जिभेचा भरवसा त्या देत नव्हत्या.

खिशातली पन्नी त्याने दवाखान्याच्या पायरीवरच टाकली. पण डोक्यात एक किडा वळवळत राहिला. मास्तरांनी तर उभा जन्म खर्रा खाल्ला. मग त्यांची जीभ शेवटपर्यंत कशी धावत होती? त्यांच्याजवळ नक्की काही औषध असणार, जंगलातली एखादी मुळी, एखादा पाला. एवढ्या आशेवर त्याने सॅक्सोफोन पाठीला लावला आणि कुरखेड्याची बस धरली. गुरूकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून वडशाच्या नाक्यावर उतरून मास्तरांसाठी एक ताजा, चांगला घोटलेला खर्रा बांधून घेतला. स्वतःला बंदी होती, पण रीत ती रीत.

मास्तर पडवीत जेवत होते. भात, वरण आणि हिरवी मिरची. मिरची ते अशी कचाकचा चावत होते की बघणाऱ्याचे कान तापावेत. धम्मदीपला पाहून त्यांनी आ करून हसत स्वागत केलं. त्या उघड्या तोंडात पार मागच्या दाढा दिसल्या. धम्मदीप त्या दाढांकडे बघतच राहिला. मिरचीचा नुसता वास घेतला तरी त्याच्या गालाची आग होत असे.

जेवण आटोपल्यावर त्याने पन्नी मास्तरांपुढे ठेवली. मास्तरांनी ती उचलली नाही. दारात उभ्या असलेल्या रंभाबाई, मास्तरांची बायको, खळखळून हसल्या.

"ह्यायले खर्रा?" त्या म्हणाल्या. "ह्यायले तं लग्नातल्या सुपारीनं चक्कर येते, बाबू."

"मंग गालात काय राह्यत होतं?" धम्मदीपने विचारलं.

"आवळकाठी. मीच आवळे वाळवून देत होती. तोंडाले पानी सुटते, पत्ती ओली राह्यते. अख्खी कंपनी मांगन म्हनून खर्‍याच्या पन्नीत लपवून नेत होते."

मास्तरांनी त्यांना चहा ठेवायला आत पाठवलं. अंगणात मोहफुलं वाळत होती आणि त्यांचा गोड वास पडवीत भरला होता. एवढा राग धम्मदीपला आजवर कधी आला नव्हता. एवढा आला की तोंडातून शब्द निघाला तो एकच.

"काऊ?" तो म्हणाला.

त्याला 'काऊन' म्हणायचं होतं, म्हणजे आपल्याकडचं 'का'. शेवटचा न जिभेवरून उठलाच नाही. मास्तरांनी चमकून वर पाहिलं. त्यांचा कान अजून शाबूत होता. सगळा हिशोब त्यांना त्या एका शब्दात कळला. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

"पुढची खुर्ची एकच होती, धम्मा," ते हळूच म्हणाले. "तुही बोटं मी पयल्याच दिवशी पाह्यली. जिभेचं सांगतलं असतं तं दोन वर्सात मी घरी असतो." मग गळा खाकरून पुढे म्हणाले, "मले वाटलं एकदा खाशीन, उलटी होईन, सोडशीन. अन् मी नसतो सांगतलं तं तू नसता खाल्ला का? पूरा जिल्हा खाते."

जिल्हा खातो हे खरंच होतं. लबाड माणसाच्या तोंडी खरी गोष्ट आली की ती अशी घशात अडकते. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

मास्तरांनी त्याच्या सॅक्सोफोनच्या पेटीकडे हात केला. आता सांगतो म्हणाले. आता सांगायला काही हरकत नाही म्हणाले, आणि ते इतकं साधेपणाने म्हणाले की धम्मदीपला क्षणभर त्याचा अर्थच लागला नाही. त्यांनी सॅक्सोफोन जोडला, पत्ती ओठात धरून ओली केली.

"सूर वाजवाचा नाई, म्हनाचा," ते सांगू लागले. "अन् पुस्तकातल्या बोलीत नाई, आपल्या बोलीत. पुन्याचा मानूस 'का' म्हनते, अन् तोंड उघडंच राह्यते त्याचं. आपन काय म्हनतो? काऊन. 'का' उघडा. 'ऊ' ले आवाज गोल होते. अन् 'न' ले जीभ वर जाऊन टेकते, सूर दबते, पन मरत नाई. माह्या समद्या वाजवन्यात तेवढंच एक आहे. बाकी मी तेच-तेच विचारत राह्यलो लोकायले."

रीताचं दू-दान. हेच ते. तिने कुठल्या कुठून आणलेलं, आणि धम्मदीप आईच्या मांडीवर शिकला होता ते. शाळेत गुरुजी 'काऊन नाही, का म्हण' म्हणून त्याच्या हातावर छडी मारत, तोच हा शब्द.

मास्तरांनी वाजवलं. दम तोकडा होता, पण टोन तसाच भरलेला. एक उघडा सूर, तो गोल झाला, आणि शेवटी कोणी हळूच दार ओढून घ्यावं तसा आत दबला.

"काऊन काय? दूध उतू गेलं म्हनून," स्वैपाकघरातून रंभाबाई म्हणाल्या.

धम्मदीपला रडू फुटेल असं वाटलं. भांडायचा त्याला हक्क होता. उठून जायला हवं होतं, दोन शिव्या हासडायला हव्या होत्या, निदान ती खर्‍याची पन्नी मास्तरांच्या तोंडावर फेकायला हवी होती. पण दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो धडा आत्ता सुरू होता. स्वतःची लाज वाटत असतानाच त्याने हात पुढे केला आणि सॅक्सोफोन घेतला.

माऊथपीस जेमतेम आत गेलं. 'का' निघाला, बरा निघाला. 'ऊ' थोडा पातळ, कोपऱ्यातून हवा सुटलेला. मग त्याने जीभ उचलली, आणि ती उठली नाही. सूर उघडाच लोंबत राहिला, आणि हवा संपल्यावर संपला.

"न कुठी गेला?" मास्तर पुढे सरकून बसले. डोळे बारीक करून ऐकत होते. आता ते खरेखुरे मास्तर झाले होते, कसूर न ठेवणारे. "जीभ वर ने. घाई नोको करू. परत म्हन."

त्याने परत म्हटलं. मास्तरांनी मान हलवली आणि पुन्हा म्हणायला सांगितलं. ऊन पडवीच्या पायरीवर आलं. मृग जवळ येत होता, नागपूरची बस रोज सकाळी ब्रह्मपुरीहून सुटत होती, आणि तीत आपण बसणार नाही हे धम्मदीपला त्या पायरीकडे बघता बघता नीट कळलं. तरी त्याने श्वास भरला, डोळे मिटले आणि होतं नव्हतं ते सगळं लावून सॅक्सोफोनमधून एकदा विचारलं.

आत कपबशांचा आवाज येत होता. मग तोही थांबला. धम्मदीप स्वैपाकघराच्या दाराकडे कान लावून बसला, पण रंभाबाई काही बोलल्या नाहीत.