सरबताच्या जगात ओतलेली शिराज

संहिता नाशिकजवळच्या एका वायनरीत नोकरीला लागली, त्याला आता सहा वर्षं झाली होती. तिच्या वडिलांनी, नानांनी, तेव्हा तिला अडवलं नव्हतं. फक्त त्या कामाबद्दल कधी काही विचारलंही नव्हतं. सिंचाई विभागातून निवृत्त झालेला हा माणूस जन्मात दारूच्या थेंबाला शिवलेला नव्हता. कुणी चौकशी केलीच, तर ‘द्राक्षांच्या कंपनीत आहे’ एवढं सांगून ते विषय बदलत. हे संहिताला ठाऊक होतं, पण तिनं कधी टोकलं नाही.

या खेपेला मात्र ती इंदूरला एक बाटली घेऊन आली. जेवणं झाल्यावर तिनं ती टेबलावर ठेवली.

“नाना, ही शिराज वाइन मी केलीये. द्राक्षं निवडण्यापासून बाटली भरेपर्यंत सगळं माझ्या देखरेखीत. पहिल्यांदाच.” मग जरा थांबून म्हणाली, “घ्यायलाच पाहिजे असं नाही. बस, तुम्हाला दाखवायला आणली.”

आणि आईला, सुहासिनीला, घेऊन ती राजवाड्याकडे साड्या बघायला निघून गेली.

अन्नपूर्णा भागातल्या त्या घरात नाना आणि बाटली, दोघंच उरली. त्यांनी पेपर दोनदा वाचून काढला. मग बाटली उचलून फिरवून पाहिली. मागच्या लेबलवर अगदी बारीक अक्षरात संहिताचं नाव होतं. ते वाचल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. पोरीनं सहा वर्षं घातली आणि आपण चवसुद्धा बघू नये? पण तिच्यासमोर तोंड वाकडं झालं तर? त्यापेक्षा आधीच एकट्यानं चमचाभर घेऊन बघावी, म्हणजे संध्याकाळी चेहरा सांभाळता येईल.

बूच काही हलेना. नानांनी ते स्क्रू पिळायच्या पेचकसानं कोरून पाहिलं, वरच्या टोकाचा नुसता भुगा झाला. शेवटी लाकडी चमच्याच्या दांड्यानं त्यांनी ते आतच ढकललं, तशी एक लाल चिळकांडी बनियनवर उडाली. वाटीत जराशी ओतून त्यांनी घोट घेतला.

जीभ टाळ्याला चिकटली. कच्चं जांभूळ चावल्यासारखा तुरटपणा, आणि वास म्हणाल तर काहीच नाही. नाना वाटीकडे बघत बसले. स्वतःच्या तोंडाचं त्यांना काही वाटलं नाही, वाईट वाटलं ते पोरीसाठी. बिचारीला जमलं नाही की काय?

त्यात बुचाचे तुकडे वर तरंगत होते. ते तरी काढावेत म्हणून नानांनी चहाची गाळणी घेतली आणि सगळी वाइन सरबताच्या काचेच्या जगात गाळली. पुन्हा बाटलीत भरायची होती, पण आत पडलेलं बूच सारखं तोंडाशी येई. नाना वैतागले आणि जग तसाच ओट्यावर ठेवून बाहेर येऊन बसले. संहिता विचारेल तेव्हा काय म्हणायचं? ‘रंग छान आलाय.’ हे खोटं नव्हतं. त्यांनी ते दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं.

इतक्यात सुहासिनीचा फोन आला. “अहो, इथे इतकी गर्दी आहे, ऑटोच मिळत नाहीये. उशीर होईल.”

दोनेक तासांनी नाना चहा टाकायला आत गेले आणि दारातच थबकले. पिकल्या जांभळाचा वास येत होता आणि त्यामागून काळ्या मिरीचा. त्यांनी जगातली थोडी वाटीत घेतली. मघाचा तुरटपणा आता जिभेच्या कडेला जेमतेम जाणवत होता. बाकी सगळं मऊ, भरलेलं. आपलंच तोंड बिघडलंय असं समजून त्यांनी खात्रीसाठी आणखी एक घोट घेतला.

मायलेकी घरी आल्या तेव्हा नानांनी सगळं कबूल केलं. पेचकस, बनियन, गाळणी, काही लपवलं नाही.

“बाटली बरबाद केली मी तुझी,” ते म्हणाले.

संहितानं जगात नाक घातलं, एक घोट घेतला आणि तिथेच स्टुलावर बसून हसत सुटली. “नाना, तुम्ही हिला डिकँट केलंत. आम्ही हेच करतो, फक्त त्यासाठी रुंद बुडाचं वेगळं भांडं ठेवतो.”

“काय केलं मी?”

“नवी वाइन बाटलीत कोंडलेली असते. अशी ओतून ठेवली की तिला हवा लागते. वास मोकळा होतो, चव मऊ होते. जुन्या वाइनचा गाळ तळाशी बसलेला असतो, तोही हळू ओतलं की मागे राहतो.” मग ती गंभीर झाली. “पहिला घोट कसा लागला? खरं सांगा.”

नानांनी ‘रंग छान’ गिळून टाकलं. “कच्च्या जांभळासारखा. मला वाईट वाटलं तुझ्यासाठी.”

संहितानं पर्समधून वही काढून ते जसंच्या तसं लिहून घेतलं. “तिकडे वायनरीत सगळे छानच आहे म्हणतात. लेबलवर लिहायला हवं, पिण्याआधी तासभर ओतून ठेवा म्हणून.”

“तासभर कमी पडेल,” नाना म्हणाले. “दोन लिही. आणि मला सांग, द्राक्ष तोडायला झालं हे तुला कसं कळतं? बघून की चाखून?”

“चाखून. आणि बीसुद्धा चावून बघते,” संहिता म्हणाली आणि वहीच्या मागच्या पानावर वेलींच्या रांगा काढून दाखवू लागली. एकातून दुसरा प्रश्न निघत गेला. सुहासिनीनं दोनदा जेवायला हाक मारली. दोघंही उठेनात, तेव्हा तिनं ताटं तिथेच आणून ठेवली आणि जगातून स्वतःसाठीही एक वाटी भरून घेतली.